मुठीला बांधलेली पट्टी

गेल्या पावसाळ्यात एका गावी आंतरमशागतीचे प्रात्यक्षिक होते. तुरीच्या दोन ओळींमधून छोटा पॉवर वीडर चालवून दाखवायचा होता. यंत्र गावातल्याच एका तरुण शेतकऱ्याचे. त्याने मोठ्या हौसेने दोरी ओढून इंजिन सुरू केले आणि यंत्र ओळीत घातले. मी बांधावर उभा होतो. एक ओळ संपवून तो वळला, तेव्हा माझे लक्ष यंत्राच्या मुठीकडे गेले. मुठीजवळचा जो खटका हाताने दाबून धरला म्हणजे पाती फिरतात आणि सोडला की थांबतात, तो खटका त्याने सुतळीने मुठीला करकचून बांधून टाकला होता.

मी हात वर करून त्याला थांबायला सांगितले. थांबण्यासाठी त्याला सगळे इंजिनच बंद करावे लागले.

"हे काय बांधलंस रे?"

"काय न्हाई साहेब. दाबून दाबून बोटं भरून येत्यात. बांधलं म्हंजी काम हलकं हुतंय."

त्याचे म्हणणे काही खोटे नव्हते. बोटे भरून येतातच. मी पुढे होऊन ती सुतळी सोडू लागलो, तर माझीच बोटे थरथरू लागली. जमलेल्या मंडळींना वाटले, साहेब रागावले. मी रागावलो नव्हतो. मला १९९६ सालची एक रबरी पट्टी आठवली होती. ती पट्टी मी स्वतः बांधलेली होती. तिची हकिकत आजवर मी कोठे लिहिली नाही. आज लिहितो.

राहुरीच्या कृषी विद्यापीठातून बी. एस्सी. होऊन १९९२ साली मी नोकरीला लागलो. पहिली काही वर्षे मंगळवेढा-सांगोला भागात गेली. मंगळवेढ्याचे शिवार ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. नजर पोचेल तिथवर काळी जमीन, मालदांडी ज्वारीची ताटे, मैलोगणती सावलीला झाड नाही, आणि त्यातून जाणारी सरळ सडक. माझ्याकडे बरीच गावे होती आणि एसटी सकाळ-संध्याकाळची. म्हणून एका ओळखीच्या माणसाकडून मी जुनी राजदूत विकत घेतली. दिवसाकाठी साठ-सत्तर किलोमीटर फिरणे ठरलेले असे.

वर्षभरात उजवे मनगट दुखू लागले. रात्री जेवताना भाकरी मोडायची तर आंगठ्यातून कळ येई. सौभाग्यवती रोज हळद-मीठ गरम करून लावी, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दुखण्याचे कारण साधे होते. मोटारसायकलची उजवी मूठ पिळली की तिच्यातली तार ओढली जाते, कार्बोरेटरमधला सरकता भाग वर उचलला जातो आणि इंजिनाला जास्त हवा व पेट्रोल मिळते. हात सोडला की आतली स्प्रिंग तो भाग खाली दाबते, तार मागे जाते आणि मूठ आपोआप जागेवर येते. म्हणजे गाडी चालते आहे तोवर तुमच्या मनगटाला त्या स्प्रिंगशी झोंबत राहावे लागते. त्यातून माझ्या गाडीची तार जुनी, धुळीने कोरडी पडलेली. स्प्रिंगपेक्षा तारेचाच जाच अधिक होता, हे मला पुढे कळले.

स्टँडजवळ एक गॅरेजवाला होता. त्याला मी हाताचे दुखणे सांगितले. तो हसला. सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंदीची पट्टी त्याने कापली आणि मुठीच्या आतल्या टोकाला, जिथे फिरणारी मूठ आणि न फिरणारा भाग एकमेकांना भिडतात, तिथे ताणून चार वेढे दिले. झाले! आता मूठ पिळून हात सोडला तरी ती पिळल्या जागी राहू लागली. पट्टीची पकड स्प्रिंगला भारी पडत होती.

"साहेब, आता खुशाल तंबाखू मळत जावा," तो म्हणाला.

मी तंबाखू खात नाही. पण पहिल्या दिवशी त्या सरळ सडकेवर उजवा हात मांडीवर ठेवून, गार वारा अंगावर घेत मी जो गेलो, त्या सुखाची आठवण आजही आहे. संध्याकाळी घरी आलो तर मनगट ठणकत नव्हते. कौतुकाने मी सौ.ला ती पट्टी दाखवली. तिने ती निरखून पाहिली आणि म्हणाली, "हात दुखतो तर हाताला औषध करायचं. गाडीला कशाला बांधलंत?"

बायकांना यंत्रातले काय कळते, असे मी मनात म्हटले. बी. एस्सी. झालेला होतो ना!

त्यानंतर गाडीने मला दोनदा सूचना दिली. ओढ्याच्या उतारावर मूठ तशीच राहिली, चढावर जी गती बेताची होती ती उतारावर भलतीच वाढली, आणि वळणावर गाडी सडक सोडून खडीत उतरली. दुसऱ्यांदा एका वस्तीजवळ शेरडांचा कळप आडवा आला. मी ब्रेक दाबला, क्लच ओढला, आणि इंजिन असे काही किंचाळले की शेरडे चौखूर उधळली. राखणारी म्हातारी मला चार शब्द बोलली. ते मी मुकाट्याने ऐकून घेतले. घरी येऊन काय करावे? पट्टी काढून टाकावी की नाही? मी चार वेढ्यांचे तीन वेढे केले. मनुष्य सुखाला सोकावला की धोक्यातून काहीतरी तोडगा काढतो, धोका काढून टाकीत नाही.

आमच्या विस्तार शिक्षणाच्या पुस्तकात सीमन नॅप या अमेरिकन कृषितज्ज्ञाची माहिती असे. १९०३ साली टेक्सासमधल्या टेरेल गावी त्याने सरकारी फार्मवर नव्हे, तर तिथल्या एका शेतकऱ्याच्याच रानात नवी पद्धत करून दाखवली. शेतकरी ऐकून बदलत नाही, शेजारच्या रानात डोळ्यांनी पाहून बदलतो, हे विस्ताराचे मूळ सूत्र. मी ते परीक्षेत चांगले लिहिले होते. परंतु ज्या गोष्टी आपण दाखवायला म्हणून नेत नाही, त्याही लोक पाहात असतात, हे त्या पुस्तकात नव्हते.

माझ्या गावांपैकी एका गावी एक तरुण शेतकरी होता. वडील लवकर गेलेले, घरी आई, बायको, एक लहान मूल, चार एकर कोरडवाहू रान आणि दोन म्हशी. मोठा उमदा गडी. बीजप्रक्रिया म्हणा, माती परीक्षण म्हणा, मी सांगितले आणि त्याने केले नाही असे कधी झाले नाही. गावातले लोक त्याला थट्टेने 'साहेबाचा चेला' म्हणत. त्याने एक जुनी मोटारसायकल घेतली होती आणि तो आपले व आजूबाजूच्या चार घरचे दूध डेअरीला घालत असे. गाडीला दोन्ही बाजूंनी कॅन बांधलेले.

एके दिवशी त्याने माझ्या मुठीकडे बोट दाखवले. "साहेब, ही कसली पट्टी?"

मी त्याला सांगितले. नुसते सांगितले नाही. त्याच्या हातात मूठ देऊन दाखवले. येथवर मी स्वतःला माफ करू शकलो असतो, पण पुढे मी म्हणालो, "तू पण बांध की. सोपं आहे."

१९९६ चा भाद्रपद संपत आला होता. हस्ताच्या पावसावर ज्वारीची पेरणी धरायची म्हणून गावोगाव लगबग चाललेली. अशात एका सकाळी त्या गावचा माणूस ऑफिसात आला आणि म्हणाला, "साहेब, तुमचा चेला दवाखान्यात हाय."

दूध घेऊन जाताना एका कॅनची दोरी सैल झाली होती. मूठ आपल्या जागी राहतेच आहे म्हणून त्याने उजवा हात मागे नेऊन कॅन सावरला. तेवढ्यात ओढ्याच्या फरशीजवळ एक वासरू आडवे आले. हात मागे अडकलेला, मूठ पिळलेली, गाडी आपली ओढतेच आहे. त्याने पायातला ब्रेक जोरात दाबला. मागचे चाक घसरले आणि गाडी त्याच्या अंगावर आली. पडल्यावरही इंजिन थांबले नाही. चाक जागच्या जागी फिरत राहिले. गुडघ्याखाली हाड मोडले आणि तापलेल्या सायलेन्सरने पोटरी भाजली. वासराला काही झाले नाही आणि तो जिवानिशी वाचला, ही देवाची कृपा.

मी दवाखान्यात गेलो. बाहेर त्याची गाडी कोणीतरी आणून लावली होती. आधी तिची मूठ पाहिली. माझे तीन वेढे होते, त्याने सहा दिले होते आणि वरून बाइंडिंगची तार पिळली होती. जुन्या ट्यूबचे रबर उन्हाने चिकट होऊन मुठीला बसले होते. मी दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा ती मूठ मागे फिरली.

आत त्याची आई उशाशी बसली होती. मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "या साहेब. बघा की, कसं झालं. मी म्हणलं हुतं त्याला, असलं कायबाय बांधू नगंस. तर म्हणला, साहेबाच्या गाडीला हाय, मग वाईट कसं असंल?"

तिने हे मला लावून बोलले नाही. तिच्या आवाजात तक्रारीचा सूर नव्हता, आणि तेच मला सोसेना. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी म्हण आहे. येथे पुढचा सहीसलामत सुटला होता आणि ठेच मागच्याला लागली होती.

बाहेर येऊन मी पहिले काम केले ते खिशातल्या चाकूने माझ्या गाडीची पट्टी कापून टाकली.

पाय तीन महिने प्लॅस्टरमध्ये राहणार होता. रान तर वाफशावर आलेले. गावाने इर्जिक केले. चार घरचे बैल आले, पाभर आली. रविवार होता म्हणून मीही गेलो. बी. एस्सी. झालेल्या साहेबाने पाभरीमागे चालावे याचे लोकांना नवल वाटले, पण कोणी काही बोलले नाही. चाड्यावर मूठ धरायला त्याची आईच उभी राहिली. तिच्या मुठीतून बोटांच्या सांदीने ज्वारीचे दाणे सारखे, एका धारेने चाड्यात पडत होते. बैल दगडाला अडखळून क्षणभर थांबले की तिची मूठ त्याच क्षणी मिटे, आणि बैल चालले की पुन्हा उघडे. दिवसभरात एकदाही दाण्यांचा ढीग एका जागी पडला नाही. संध्याकाळी मी विचारले, "मावशी, हात दुखला असेल?"

"दुखतोय की," ती म्हणाली. "मूठ हाय ती. दुखणारच. दोन दिस शेकीन."

आता या प्रकरणातले यंत्रशास्त्र थोडे सांगतो, कारण ते माहीत नसल्यानेच ही चूक घडते.

मूठ एका जागी धरून ठेवणाऱ्या साधनाला थ्रॉटल लॉक म्हणतात. लांब पल्ल्याचे प्रवासी ते वापरतात. बाजारात मिळणारे चांगले साधन अंगठ्याने दाबले की बसते, पुन्हा दाबले की सुटते, आणि बसलेले असतानाही हाताने मूठ मागे फिरवता येते. ट्यूबची पट्टी, तार, सुतळी यांना सुटण्याची रीत ठाऊक नसते. पण चांगल्या साधनाचीही एक मर्यादा आहे. ते मूठ धरते, वेग धरत नाही. चढ लागला तर गाडी मंदावते, उतार लागला तर सुसाट सुटते. काही नव्या महागड्या मोटारसायकलींना जी क्रूझ कंट्रोलची सोय असते, ती वेगळी. ती वेग सांभाळते आणि ब्रेकला हात लागताच आपण होऊन सुटते. आपल्या रस्त्यांवर गुरे, शेरडे, मुले, उसाच्या बैलगाड्या केव्हा आडव्या येतील याचा नेम नाही. अशा रस्त्यावर मूठ बांधून जाणे म्हणजे कासरा जोखडाला बांधून गाडीवानाने झोपण्यासारखे आहे. फरक एवढाच, की बैलाला जीव असतो. समोर खड्डा दिसला तर तो आपण होऊन थांबतो.

कोणी म्हणेल, विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा वेग आपण एकदा लावून देतो आणि घरी येतो, ते कसे चालते? ट्रॅक्टरलाही हाताचा थ्रॉटल असतोच की. खरे आहे. परंतु त्या इंजिनांना गव्हर्नर असतो. फिरणाऱ्या वजनांच्या जोरावर वेग आवरण्याची ही युक्ती जेम्स वॉट याने १७८८ साली आपल्या वाफेच्या इंजिनाला बसवली. वजन जोरात फिरून बाहेर फाकले की इंधन कमी होते, मंदावून आत आले की इंधन वाढते. पंपाचे पाणी तुटून भार एकदम कमी झाला, तरी इंजिन उधळत नाही. साध्या मोटारसायकलला गव्हर्नर नाही. तिचा गव्हर्नर म्हणजे तुमचे मनगट. ट्रॅक्टरचा हातथ्रॉटलही मळणी, रोटाव्हेटर, फवारणी अशा कामांसाठी आहे, जिथे पीटीओचे फेरे एकसारखे हवेत. ट्रॅक्टर सडकेवर आला की तो पूर्ण खाली करून पायाच्या थ्रॉटलवरच चालवावा.

मुंबईची लोकल चालवणाऱ्या मोटरमनला गाडीचा दांडा दाबून धरावा लागतो. त्याला 'डेडमॅन' हँडल असेच नाव आहे. मोटरमनला घेरी आली, हात सुटला, की ब्रेक लागून गाडी थांबते. हजारो माणसांचा जीव त्या सुटणाऱ्या हातावर सांभाळला जातो. पॉवर वीडरचा खटका आणि मोटारसायकलच्या मुठीची स्प्रिंग ही त्याच जातीची आहे. आपला हात सुटतो तो क्षण बहुधा संकटाचाच असतो. त्या क्षणासाठी ती ठेवलेली आहे.

मग हात दुखला तर काय करावे? माझ्या घरी औषध सापडले ते असे. पट्टी कापून मी घरी आलो तेव्हा सौ.ने काही विचारले नाही. तिने शिवणयंत्राच्या तेलाची बाटली आणून पुढे ठेवली. "आमच्या मशीनचं पायडल जड झालं की आम्ही तेल घालतो." मी मुठीकडचे तारेचे टोक सोडले, त्याला प्लॅस्टिकच्या कागदाचा कोन बांधला आणि त्यात थेंब थेंब तेल सोडले. रात्रभर तार उभी टांगून ठेवली. सकाळी खालच्या टोकातून काळे तेल गळले होते. तार जोडली तर मूठ दोन बोटांनी फिरू लागली. एवढे करूनही तार जड वाटली तर ती बदलावी. तारेला किंचित ढील असावी, आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून मूठ दोन्ही वेळा झटकन मागे येते ना, हे पाहावे. तळहात टेकवण्यासाठी मुठीवर बसणारी छोटी पट्टीही मिळते. ती मूठ धरत नाही, फक्त पकडीचा ताण कमी करते. हात उचलला की मूठ सुटते. आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने थांबावे.

मूठ कधी अडकलीच, तर प्रथम क्लच दाबावा. इंजिन ओरडेल, ओरडू द्यावे. मग लाल बटण असेल तर ते, नाहीतर किल्ली बंद करावी. मग दोन्ही ब्रेक बेताने धरून कडेला यावे. बिनगिअरच्या स्कूटरला क्लचचा दांडा नसतो, म्हणून तिथे बटण किंवा किल्ली हाच पहिला उपाय. घरातल्या मुलीबाळींना व पोरांना गाडी शिकवताना हे एकदा मोकळ्या मैदानात, सावकाश चालवून, करून दाखवावे.

त्या शेतकऱ्याचा पाय जुळला. थंडीच्या दिवसांत अजून लंगडतो. त्या वर्षी त्याची ज्वारी चांगली आली. हुरड्याला त्याने मला बोलावणे धाडले. मी गेलो. कणीस भाजता भाजता मी त्याला म्हणालो, "मी तुला ते सांगायला नको होतं." तो बराच वेळ आगटीकडे पाहात राहिला. मग म्हणाला, "साहेब, तुमी सांगितलेल्या धा गोष्टी चांगल्या निघाल्या. एक न्हाई निघाली." आणि त्याने हुरड्याची मूठ माझ्या हातावर ठेवली. माझी बदली झाली तरी आमचे जाणे-येणे राहिले आहे.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी हे सगळे मी त्या तरुणाला बांधावर बसून सांगितले. तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मग बोटं भरून आली तर काय करू?"

"थांबायचं," मी म्हणालो. "यंत्र बंद करायचं, बांधावर बसायचं, पाणी प्यायचं. नाहीतर आलटून पालटून दोघांनी चालवायचं."

त्याची बायको भाकरी घेऊन आली होती. तिने माझ्या हातातली सुतळी मागून घेतली आणि बांधावरच्या कारल्याचा लोंबणारा वेल तिने कुंपणाला बांधून टाकला.